सोमवारचं बोलावणं

सातवीपर्यंतची मराठी शाळा आमच्या गावातच होती. गाव उलूसं, लहानच, आदिलाबादजवळ तलमडुगुकडं, सारे कास्तकार, वावरात कापसाची पऱ्हाटी नाई तं ज्वारी. आठवीले मंडलाच्या, म्हंजे तालुक्याच्या, गावी मोठ्या शाळेत जा लागे, अन् ती पुरी तेलुगू. आमच्याकडच्या पोरी सातवीनंतर घरीच राहत. त्या साली आमी दोघी गेलो, मी अन् शेजारची एक पोरगी. तिचा मोठा भाऊ त्या शाळेत होता म्हनून तिले धाडलं, अन् तिले सोबत पाह्यजे म्हनून मले.

मले भेव लय. लहानपनापासूनच. भेव वाटलं का माहा दम भरते, नरड्यापर्यंत सारं येते अन् तिथं अडकते. वर्गात सारनं, म्हंजे मास्तरनं, नाव घेतलं का मी उभी राहो, अन् उभीच राहो. तेलुगू येत नव्हतं हे खरं, पन येत असतं तरी तोंडातून निघालं नसतं. पोरी मले मुक्की म्हनत. 

त्या शाळेत एकच पिरेड असा होता का तिथं बोला लागत नव्हतं, ड्रिलचा. दुपारच्या सुट्टीच्या आंधी. ड्रिलचे सार पोट सुटलेले, तोंडात कायम सुपारी, गळ्यात शिट्टी. सवता कधी पळाले नाईत, आमी पाह्यलं नाई तरी. पोट्टे पिवळ्या लोकरीच्या बॉलनं बॅडमिंटन खेळत, त्याचे लाकडाचे जड बल्ले होते. पोरींसाठी सारनं कुठून तरी तीन हलक्या रॅकेट आनल्या, एकीची जाळी फाटकी, अन् एक डबा फुलांचा. फुलं म्हंजे ते शटल. प्लास्टिकची, वापरून वापरून मातकट झालेली. शाळेच्या मागं भिंतीआड वारा कमी लागे, तिथं दोन निंबाच्या झाडाले बैलाचा कासरा बांधला, त्याच्यावर बारदान टाकलं, झाली जाळी.

पह्यल्या दिवशी मी रॅकेट हातात घेतली तं सार माह्याकडं पाहून म्हनले, "अम्मा, ये घास काटनेका नहीं है." आमच्यासंगं ते असंच हिंदी बोलत, बाकीच्याइसंगं तेलुगू. मी खरंच खुरपं धरल्यावानी धरली होती. मंग त्याहिनं सवता रॅकेटचा दांडा माह्याकडं केला अन् म्हनले, हिच्यासंगं हात मिळव, पाहुन्यासंगं मिळवतात तसा. मी कोनासंगं कधी हात मिळवला नव्हता. मिळवला.

चार-पाच दिवस तं फूल मारूच दिलं नाई. रॅकेटवर फूल ठेवायचं अन् निंबापर्यंत जाऊन वापस यायचं, पडू द्यायचं नाई. मंग एकटीनं वर वर टोलायचं, डोक्याच्या वर नाई जाऊ द्यायचं. मंग जोडी. चार पावलावर उभं राहायचं, जाळी नाई, खालूनच हळू द्यायचं. ते जमलं का सहा पावलं. मंग कासऱ्याच्या वरून. साऱ्या पोरीले जोरात हानायची घाई. फूल सन्न जाये, समोरची पोरगी डोळे मिटे, बाकीच्या हसत. सार सुपारी थुकून म्हनत, "मारनेका नक्को. देनेका. सामनेवाली गिराई तो गलती तुम्हारी."

हे आमच्या डोक्यात बसाले टाइम लागला. समोरचीच्या हातून पडलं तं चूक तिची नाई, आपली. आपन तिले असं दिलं का तिले घेता नाई आलं. तिच्या उजव्या खांद्याच्या समोर, उंच, हळू, असं का तिले पाय टाकाले वेळ भेटल. दिल्यावर आपन मधात वापस या. नजर तिच्यावर नाई, फुलावर. ते एकेकीले उभं करून हेच सांगत, रोज, अन् कंटाळत नव्हते.

माही जोडी सारनं एका तेलुगू पोरीसंगं लावली. तिचा बाप पोस्टात होता. उंच, दोन वेण्या, वेण्याले तेल एवढं का रिबिनी काळ्या झाल्या होत्या. तिले मराठीचा एक शब्द येत नव्हता. ती माह्यापुढं येऊन उभी राह्यली, माह्याकडं पाह्यलं, अन् "एमे" म्हनली. एमे म्हंजे आपल्या 'काय गं'सारखं. मी खाली पाह्यलं. तिनं फूल माह्या हातात ठेवलं, म्हंजे पह्यलं तू दे.

मी दिलं. तिनं दिलं. माहा दम भरला अन् तिसरं पडलं.

सार दूरून पाहून राह्यले होते. आले अन् म्हनले, मोजा. जोरात मोजा. मोजलं का श्वास बाहेर पडते, नाई मोजलं का आत साचते. हे त्याहिनं माह्यासाठीच सांगतलं, मले समजलं. पन मी कोन्या भाषेत मोजू. माह्या तोंडून मराठीच निघालं, "एक." ती थांबली नाई, तिनं तिचं म्हनलं, "रेंडू." मी "तीन." ती "नालुगू." आमी अकरापर्यंत गेलो त्या दिवशी. मी त्या शाळेत पह्यल्यांदा मोठ्यानं बोलली ते असं.

मंग तसंच पडलं. नेहमी मीच पह्यलं देई, म्हनून एक, तीन, पाच, सात माहे, अन् दोन, चार, सहा, आठ तिचे. मले तेलुगूतले तेवढेच आकडे आले, जोडीचे. आरू, एनिमिदी, पदी. तिले मराठीतले माहे. एकदा बाजारात मायनं मले इचारलं का भाजीवाला तेलुगूत किती म्हनते, अन् तो सात म्हनून राह्यला होता, मले समजलं नाई. माय म्हने, "शाळेत जाऊन का शिकून राह्यली तू?" मी म्हनलं, "अर्धं."

आमी तीसपर्यंत गेलो, मंग चाळीस, मंग एकदा बासष्ट. ती हसली का तिचा दात दिसे, एक दात दुसऱ्यावर चढलेला. फूल वाकडं आलं तरी ती धावून घेई अन् माह्यापाशी मऊ करून पाठवे. मले कधी धावा लागलं नाई तिच्या हातून. मी तिच्यापाशी काई बोलली नाई वर्षभर, म्हंजे बोलन्यासारखं बोलली नाई, आकडेच. पन सुट्टीत ती तिच्या डब्यातला चिंचेचा भात माह्या झाकनात टाके, अन् मी तिले ज्वारीची भाकर देई, ती भाकर उलटून पालटून पाहे अन् खाये.

नववीत गेलो तव्हा सारनं सांगतलं. आदिलाबादेत पोरींचं हॉस्टेल हाये, तिथं खेळनाऱ्या पोरीले जागा असते, आपल्याकडून दोन. राहनं, खानं, पुस्तकं, सारं तिथं. दहावी करता येते, पुढंबी. दिवाळीनंतरच्या शनिवारी जी जोडी माह्यापुढं शंभर करल तिचं नाव मी धाडतो. अन् पाहून राह्यले ते आमच्या दोघीकडं.

घरी मायनं बापाले सांगतलं. मी चुलीपाशी होती, ऐकून राह्यली होती. बा भाकर खाऊन राह्यला होता.  त्याच महिन्यात माह्या आत्यानं बेल्लमपल्लीचं स्थळ आनलं होतं, पोरगा कोळशाच्या खानीत, क्वार्टर हाये, माय अन् तो दोघंच. बा म्हने, "नंबर लागला तं हॉस्टेल पाहू. नाई लागला तं बेल्लमपल्लीवाल्याले हो म्हनू." माय म्हने, "अन् तुमाले काय वाटते?" बा म्हने, "मले वाटून का होते. तिचा हात किती चालते ते पाहू."

मले वाटलं बापाले मी नकोच हाये तिथं जायाले. त्याचा आवाज तसा होता.

मंग कापूस फुटला. आमच्याकडं पह्यला वेचा करायच्या आंधी सीतादही करतात, वावरात दही-भात ठेवतात, खडे मांडून हळद-कुंकू वाहतात, अन् पह्यलं बोंड घरच्या कुवार पोरीनं वेचा लागते. आमच्या घरी कुवार पोरगी मी एकच. त्या दिवशी शाळा बुडली ते समजू शकते. पन मंग बाया भेटल्या नाईत वेचाले, साऱ्याइचा कापूस एकदमच फुटला होता, अन् बा म्हने, "बाई, दोन दिवस ये." दोन दिवसाचे वीस झाले.

कापूस वेचनं काई कठीन नाई, पन ते दोन हाताचं काम हाये. मायनं लहानपनीच शिकवलं, एका हातानं वेचनारी अर्धीच बाई. उजवा हात एका बोंडावर, डावा दुसऱ्यावर, डोळ्यानं पांढरं दिसलं का हातानं घेऊन कंबरेले बांधलेल्या ओटीत टाकलंच पाह्यजे, इचार करायचा नाई, इचार केला का मांगं पडली. बोटं वाळल्या बोंडाच्या टोकानं फाटतात. मी वेचता वेचता मनात मोजत होती. एक, तीन, पाच. मधातले तिचे सोडून देत होती. तासात, म्हंजे पऱ्हाटीच्या ओळीत, मी माह्या पुढं चालनाऱ्या मायकडं पाहो अन् वाटे, आता शाळेमागं ती कोनासंगं खेळून राह्यली असल.

शनिवारी मायनं बापाले न इचारता मले शाळेत धाडलं. मी वीस दिवसानं गेली. वाटेनं शेजारची पोरगी सांगत होती का तुह्या जोडीदारनीनं कोनासंगं खेळलंच नाई, भिंतीवर टोलत होती एकटी. मले ते ऐकून बरं वाटलं अन् भेवबी वाटलं.

त्या दिवशी थंडी होती, वारा नव्हता, निंबाचं पान हालत नव्हतं. साऱ्या वर्गातल्या पोरी भिंतीले टेकून बसल्या. दोन जोड्या आमच्या आंधी झाल्या, एकीनं एकवीस केलं, एकीनं चाळीसच्या वर. मंग आमी. ती समोर उभी राह्यली, माह्या हाताकडं पाह्यलं, बोटाले चिंधी होती, तिच्या कपाळाले आठी पडली. मंग म्हनली, "भयमा?" म्हंजे भेव वाटते का. मी मान हालवली. ती म्हनली, "नाकूडा." मलेबी.

सारनं खिशातून नवीन फूल काढलं. आमाले चांगलं भेटावं म्हनून त्याहिनं ते राखून ठेवलं होतं. पिसांचं. पांढरं सफेत. तोवर आमी तसं पाह्यलं नव्हतं.

"एक," मी म्हनली.

"रेंडू."

ते फूल प्लास्टिकच्या परीस हळू येई. वर जाऊन थांबल्यावानी होये अन् मंग खाली येई. दहाच्या पुढं माहा दम मोकळा झाला. तीसपर्यंत पोरी बोलत होत्या, मंग बोलनं थांबलं. पन्नासले सार उठून उभे राह्यले. बासष्ट तिनं म्हनलं, आमचे आजवरचे सर्वात जास्त, अन् मी त्रेसष्ट म्हनलं तव्हा तिचा तो वरचा दात मले दिसला. मी एकही जोरात दिलं नाई. तिच्या उजव्या खांद्याच्या समोर, उंच, हळू. मले वाटून राह्यलं होतं का असंच चालू राहावं, शंभरावर थांबूच नोये, हॉस्टेल नको, काई नको, हेच.

"एनभै आरू," ती म्हनली. शहाऐंशी.

फूल आलं. उंच, मऊ, माह्या डाव्या बाजूनं उलूसं. मले फक्त रॅकेट तिकडं न्यायची होती. पांढरं दिसलं अन् माहा डावा हात गेला. मी धाडला नाई, तो गेला. बोटानं ते फूल हवेतूनच खुडलं, जसं बोंडातून कापूस काढते तसं, अन् हात कंबरेपाशी ओटीकडं आला, टाकाले. कंबरेले ओटी नव्हती. फूल पायापाशी पडलं.

 मंग भिंतीपासून एक पोरगी म्हनली, "पत्ती." तेलुगूत कापसाले पत्ती म्हनतात. मंग साऱ्या हसल्या. "पत्ती, पत्ती," अन् एकीनं दोनी हातानं वेचून दाखवलं, चांगलं दाखवलं तिनं, तीबी कास्तकाराचीच होती.

माही जोडीदारीन हसली नाई. ती कासऱ्याखालून वाकून आली, फूल उचललं, झटकलं अन् माह्या हातात देऊ लागली, परत पह्यल्यापासून कर म्हनून. मले घेता आलं नाई. सार आले. त्याहिनं माहा हात पाह्यला, चिंधी सोडून पाह्यली, अन् इचारलं, "कितने दिन से चुन रई?"

"बीस," मी म्हनली.

त्याहिनं सुपारी थुकली. म्हनले, "सोमवार को आओ. फिर एक बार. कागज मंगल को जाता." मंग तिले तेलुगूत काई सांगतलं, तिनं मान हालवली. अन् मले परत म्हनले, "सोमवार. कल भी मत चुनो, हाथ को आराम देओ."

वाटेनं मी शेजारच्या पोरीले म्हनलं, "सोमवारचं घरी सांगू नोको."

"काऊन?"

"सांगू नोको म्हनलं ना."

"अगं पन तुले परत बोलावलं—"

"मी सांगीन माही मी."

मी तव्हा खरंच सांगनार होती का, आता मले आठवत नाई. मी सारखा तो हात पाहत होती. जो हात आपलं ऐकत नाई त्याच्यासंगं सोमवारी परत तिथं उभं राहायचं, अन् परत त्यानं तसंच केलं तं तिचंबी जाईल. सामनेवाली गिराई तो गलती तुम्हारी. अन् इथं तं तिनं पाडलंच नव्हतं. अन् हे एकच नाई. हॉस्टेलचंबी भेव होतं. तिथं पन्नास पोरी तेलुगू बोलनाऱ्या, माय नाई, अन् मले आकड्याशिवाय काई येत नाई. लागला नाई म्हनलं का सारं भेव एकदम संपते, असं वाटलं. नंबर नाई लागला हे खोटंबी नव्हतं.

घरी आली तं बा कोठीच्या खोलीत कापसावर उभा होता, पायानं दाबून राह्यला होता, मांड्यापर्यंत कापसात. मले पाह्यलं अन् थांबला.

"का झालं?"

"नाई लागला."

तो माह्याकडं पाहत राह्यला. मले वाटलं आता इचारल, कसं, काऊन. इचारलं असतं तं मी सांगतलं असतं, सारंच. तो म्हने, "बरं." अन् परत दाबू लागला.

ते 'बरं' मले सुटल्यावानी वाटलं. म्हंजे त्यालेबी हेच पाह्यजे होतं.

सोमवारी मी वावरात गेली. सूर्य कुठं आला म्हंजे ड्रिलचा पिरेड असते ते मले ठाऊक होतं. त्या वेळेले मी तासाच्या मधात होती. मी खाली बसली. माय म्हने, "का झालं, पोट दुखते का?" मी हो म्हनलं. दम घेता येत नव्हता, अन् मोजता येत नव्हतं.

संध्याकाळी शेजारची आली, कोनाले ऐकू जाऊ नोये म्हनून मले गोठ्यामागं नेलं. म्हने, ती पूरा पिरेड थांबली होती. शाळेच्या फाटकाकडं पाहत. मंग एकटीच फूल वर वर टोलत बसली, अन् तुहेबी आकडे तीच म्हनून राह्यली होती. एक, रेंडू, तीन, नालुगू.  घंटा झाल्यावर त्याहिनं चाळीसवाल्या जोडीतली एक पोरगी तिच्यासमोर उभी केली. त्याहिचे शंभर झाले का ते मी इचारलं नाई. दुसऱ्या दिवशी त्या दोघीचं नाव गेलं.

ती हॉस्टेलात गेली. मले तेवढंच माहीत हाये. पुढं तिचं काय झालं, ती खेळली का, शिकली का, कुठं दिली तिले, मले ठाऊक नाई. तिचं घर मंडलाच्या गावात होतं, मी बाजाराले गेली का पोस्टाच्या समोरून जाये, पन आत पाह्यलं नाई कधी. तिनं मले काय म्हनलं असतं, मले समजलंबी नसतं पूरं. मंग तिच्या बापाची बदली झाली.

वैशाखात माहं लग्न झालं. बेल्लमपल्लीले आली. इथं सारं काळं, न्हानीतलं पानीबी काळं जाते. खानीचा भोंगा वाजते पाळी बदलाची, अन् तो वेळेवर नाई वाजला नाई तं मधातच वाजला का आमच्या ओळीतल्या साऱ्या बाया दारात येतात, खानीत कोनाले काई झालं का म्हनून. माह्या सासूबाई म्हनतात, "तू तं भोंगा वाजायच्या आंधीच दारात असते." खरं हाये. माहे मालक पाळीवरून येईपर्यंत माह्या हातून भाकर नीट होत नाई. मंग पोरगी झाली, अन् भेव दोन जागी वाटलं गेलं, खानीत उलूसं अन् पाळन्यात उलूसं. आता ती तीन वर्षाची हाये. तिले खोकला आला का मी तिच्या छातीले कान लावून बसते.

क्वार्टरच्या मागं शाळेचं मैदान हाये. पोरी शटल खेळतात, चांगली खरी जाळी, रॅकेटबी चांगल्या. मी पोरीले कडेवर घेऊन तारेपाशी उभी राहते. त्या नुसतं हानतात. चारच्या पुढं एकीचंबी जात नाई. पडलं का एकमेकीले शिव्या देतात, तुही चूक, तुही चूक. त्याहिच्या ड्रिलच्या बाई खुर्चीवर बसून वहीत काई लिहीत राहतात. माह्या तोंडाशी येते, पोरीहो, देऊन पाहा उलूसं. येते अन् नरड्याशी अडकते. मी कोन त्याहिले सांगनारी. माही पोरगी मैदानाकडं बोट दाखवून म्हनते, "आई, फूल." मी म्हनते हो, अन् आमी घरी येतो.

ह्या दिवाळीले बा आला. पह्यल्यांदाच एकटा, बसनं, ज्वारीचं पीठ अन् लाल मिरची घेऊन. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. तो पलंगावर बसला नाई, खाली बसला, पाठ पेटीले टेकून. पत्र्याची हिरवी पेटी, माह्या लग्नात दिलेली, तिच्यात पोरीचे कपडे असतात. त्यानं पेटीच्या कडीले हात लावून पाह्यला.

"अजून गंजली नाई," तो म्हने. "आदिलाबादची हाये. तव्हा चांगला पत्रा भेटे."

"लग्नाची म्हनून चांगलीच घेतली असल," मी म्हनलं.

"लग्नाची कुठं. तुह्या हॉस्टेलची हाये." तो पोरीचं बोट धरून होता, माह्याकडं पाहत नव्हता. "त्या शनिवारच्या आंधी आनली होती. कोठीत कापसाखाली ठेवली होती. मले वाटलं, नंबर लागला म्हनून येशीन तं काढू. मंग नाई लागला. मंग लग्नात दिली."

मी चहा ठेवत होती. चहा उतू गेला. स्टो बंद केला अन् तिथंच उभी राह्यली. तो त्या कापसावर उभा होता तव्हा. पेटी त्याच्या पायाखाली होती.

"बा," मी म्हनलं. दम भरला होता, पन म्हनलं. "सोमवारी परत बोलावलं होतं मले. सारनं. मी नाई गेली. तुमाले सांगतलं नाई."

पोरगी त्याच्या मांडीवर चढून राह्यली होती, त्यानं तिले धरून ठेवलं.

"काऊन नाई सांगतलं?"

"भेव वाटलं."

"कोनाचं? माहं?"

"साऱ्याचं. अन् तुमी बरं म्हनले, तं मले वाटलं तुमाले पटलं."

"मले काय म्हनू समजलं नाई," तो म्हने. "तुहं तोंड उतरलं होतं. म्हनलं, इचारलं तं रडशीन." मंग म्हने, "अन् खरं सांगू का बाई, मलेबी सुटल्यावानी वाटलं. एकदम एवढ्या दूर. मंग रात्रभर झोप नाई आली. पन सकाळी तू काई बोलली नाई, मी काई बोललो नाई."

सासूबाई आल्या, मंग बोलनं तिथंच राह्यलं. त्यानं चहा घेतला. पीठ कुठं ठेवायचं, मिरची ऊन दाखवून ठेव, हे सांगतलं. पोरीच्या हातात बिस्किट दिलं. मी त्याले बसस्टँडवर पोचवाले गेली, पोरगी कडेवर, तो पिशवी घेऊन पुढं, मी मांगं. त्याचे पाय आता जरा वाकडे पडतात. बसले वेळ होता तरी तो चढून बसला, खिडकीपाशी. मी खाली उभी होती. ड्रायव्हरनं बस चालू केली तव्हा त्यानं हात बाहेर काढला, माह्या डोक्यावर ठेवावा तसा, पन पोचला नाई.

"पुढच्या खेपी तुले कोनी बोलावलं," तो म्हने, "तं मले सांग. मी येईन तुह्यासंगं."

आता मले कोन बोलावते. मी तं एका पोरीची माय.

"सांगीन," मी म्हनलं.